न दिसण्याचे शंभर गुण

ठिपकेसाहेबांच्या गळ्याचं माप साडेपंधरा इंच भरलं. मावशीने टेप जरा आवळून पुन्हा बघितलं. तेवढंच भरलं.

"अहो, माप घेताय की फास लावताय?" साहेब हसले.

"कॉलर नीट बसायला हवी ना, साहेब," मावशी म्हणाली आणि तिने टेप सैल केली. ती तशीच धरून ठेवावी असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. खोटं कशाला सांगा? गेले अठरा महिने तिच्या मनात दुसरं काही येतच नव्हतं.

आता हे साहेब कोण आणि ही मावशी कोण, ते आधी सांगतो. सैन्याचे कपडे शिवणारा एक सरकारी कारखाना. त्यात एक नमुना खोली. कुठलाही नवा गणवेश आधी या खोलीत बेतायचा, शिवायचा, बाहुल्याच्या अंगावर चढवायचा, आणि वरून पास झाला की मग मोठ्या हॉलमधल्या शंभर मशिनी तो हजारांनी बाहेर काढणार. सव्वीस वर्षं ही खोली मावशी सांभाळत होती. तिच्या हाताखालच्या बायका तिला मावशी म्हणत, म्हणून वरचे साहेबलोकही मावशीच म्हणत. खरं नाव हजेरीपटापुरतं.

आणि ठिपकेसाहेब म्हणजे गणवेशाचा रंग आणि नक्षी ठरवणारे साहेब. हे नाव अर्थातच त्यांच्या पाठीमागे. त्यांनी पायदळाला हिरवे-तपकिरी ठिपके दिले, ते ठीकच झालं. झाडीत दडून बसणाऱ्याला झाडीसारखा कपडा हवाच, त्याला कोण नावं ठेवील? पण त्या ठिपक्यांचं कौतुक झालं आणि साहेबांच्या डोक्यात हवा गेली. "एक सैन्य, एक ठिपका!" असं म्हणत सुटले. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांना हिरवे ठिपके. ते बिचारे कढईपासून लपणार होते का? कचेरीतल्या कारकुनांना हिरवे ठिपके. विमानतळावरच्या मेकॅनिकांना धावपट्टीच्या रंगाचे करडे ठिपके. पहिल्याच महिन्यात विमान ओढणाऱ्या गाडीने एका मेकॅनिकच्या पायावर चाक घातलं. समोर धावपट्टीशिवाय काही नव्हतं, असं ड्रायव्हर रडून रडून सांगत होता. साहेबांनी कागदावर शेरा मारला, 'चालकाचे डोळे तपासावेत.' झालं! विषय संपला.

मग नौदलाची पाळी आली. निळे, करडे, काळपट ठिपके, हुबेहूब समुद्राच्या पाण्यासारखे. खलाशांनी विचारलं, एवढं अजस्र जहाज लांबून दिसतंय, त्यावरचा माणूस लपून काय उपयोग? साहेब म्हणाले, तेलाचे आणि रंगाचे डाग लपतील. डाग लपवायला साधा गडद निळा पुरत होता. पण तसं तोंडावर सांगणार कोण?

चाचणीचा फॉर्मही पायदळाचाच उचलला. त्या फॉर्मची रीत अशी की दहा निरीक्षक, हातात दुर्बिणी, वेळ दहा मिनिटं. बाहुल्याला गणवेश घालून कुठेतरी ठेवायचं. जितक्या निरीक्षकांना तो दिसणार नाही, तितके दहा-दहा गुण. झाडीत ही रीत बरोबरच होती. नौदलाच्या वेळी बाहुला ठेवायचा कुठे, असा प्रश्न आला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, समुद्रात. बुचाचे तुकडे भरून मावशीनेच तो बाहुला तयार केला आणि लाँचवरून पाण्यात सोडला. दहापैकी नऊ जणांना तो दिसला नाही. नव्वद गुण! आजवरचा विक्रम. लाँचवर टाळ्या पडल्या.

मावशीच्या तोंडून तेव्हा निघून गेलं होतं, "साहेब, पण पाण्यात आपलाच माणूस पडला तर?"

"मावशी, तुम्ही काजं-बटणं बघा," साहेब म्हणाले. सगळे हसले. मावशीही हसली, आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर तिने सही केली. त्या हसण्याची आणि त्या सहीची तिला आता इतकी चीड येई की कधीकधी कात्री खाली ठेवून ती नुसती हाताकडे बघत बसे.

कारण पुढे पाण्यात पडला तो तिचाच भाऊ.

धाकटा तिच्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, त्याला न्हाऊमाखू घालून तिनेच वाढवला. नौदलात लागला तेव्हा नवा गणवेश घालून नमुना खोलीत मिरवायला आला होता. "ताई, माझ्या जहाजावर सगळ्यांच्या अंगावर तुझाच बेत," म्हणाला होता. एका लख्ख दुपारी कठड्याबाहेर फळीवर बसून तो जहाजाला रंग देत होता. फळीचा दोर सुटला. पडताना एकाने पाहिलं, आरडाओरडा झाला, जहाज वळलं, होड्या उतरल्या. समुद्र शांत, ऊन स्वच्छ, धाकटा पट्टीचा पोहणारा. दोन तास शोधलं. तिसऱ्या दिवशी तो कोळ्यांच्या जाळ्यात लागला.

चौकशी झाली. गणवेशाबद्दल मत द्यायला ठिपकेसाहेबांना बोलावलं, आणि त्यांनी लिहून दिलं, 'सावध मनुष्य पाण्यात हात हलवतो व तो सापडतोच. ज्या अर्थी मृत खलाशी शोधात सापडला नाही, त्या अर्थी तो बेसावध होता. गणवेशात दोष नाही.' चौकशीवाल्यांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. भावजयीने तो कागद वाचला, घडी घातली, आणि मावशीपुढे ठेवला.

"वन्सं, बेसावध म्हणजे काय हो? प्यालेला? झोपलेला?"

"कोणी लिहिलंय हे?" मावशीने विचारलं. खालची सही तिने ओळखली होती, तरी विचारलं.

तिला दोन गोष्टी हव्या होत्या. ते वाक्य खोडलं जायला हवं होतं. आणि ज्या माणसाने ते लिहिलं त्याने पाण्यात हात हलवून बघायला हवं होतं. दुसरी गोष्ट तिला पहिलीपेक्षा काकणभर जास्तच हवी होती.

तिने अर्जावर अर्ज केले. नौदलातले एक म्हातारे मोठे साहेब गणवेश समितीचे अध्यक्ष झाले, त्यांनी अखेर हुकूम काढला की चाचणी पुन्हा घ्या. बैठकीत मावशीला बाहुल्यासाठी बोलावलं होतं. ठिपकेसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "घ्या की! पण बाहुल्यावरून काय सिद्ध होणार? बाहुला हात हलवत नाही. जिवंत माणूस असता तर पहिल्या मिनिटाला सापडला असता."

मावशी याचीच वाट बघत होती. अगदी गरिबासारखं तोंड करून ती म्हणाली, "खरंय साहेबांचं. आणि साहेब तर रोज तलावात दीड तास पोहतात म्हणे. आपल्या कपड्यावर साहेबांइतका भरवसा कोणाचा असणार?"

टेबलाभोवती कोणीतरी खुसकन हसलं. मोठ्या साहेबांनी भुवया वर केल्या. "काय हरकत आहे? उतरता का?"

एवढ्या लोकांदेखत नाही म्हणेल तो ठिपकेसाहेब कसला? छाती पुढे काढून म्हणाले, "उतरतो! मावशी, उद्याच माप घ्या."

म्हणून ते साडेपंधरा इंच.

चाचणीचे नियम मोठ्या साहेबांनी स्वतः घातले. पूर्ण गणवेश, बूट धरून. लाँचने साहेबांना खाडीच्या तोंडाशी सोडायचं, दूर जायचं, वळून यायचं, आणि दहा निरीक्षकांनी शोधायचं. वेळ दहाच मिनिटं. साहेब थकलेच तर शर्टाच्या खिशात भगव्या रंगाचा फडका असेल, तो फडकवायचा की चाचणी बंद. पाणबुड्या लाँचवर तयार.

फडका खिशात घालायचं काम मावशीकडे आलं.

नमुन्याच्या कपड्याची एक रीत असते. खिसे फुगून आकार बिघडू नये म्हणून त्यांच्या तोंडाला धावदोरा घालून ठेवतात. लांब लांब, कच्चे टाके. अंगात घालायच्या आधी ते उसवायचे असतात. शिवणाऱ्याला हे ठाऊक असतं, घालणाऱ्याला कधीच नाही. मावशीने फडका खिशात ठेवला, झाकण बंद केलं, बटण लावलं. मग धावदोरा घालण्याऐवजी तिने आतल्या बाजूने, दुहेरी मेणदोऱ्याने, बारीक, पक्का बखिया घातला. वरून एक टाका दिसत नव्हता. सव्वीस वर्षांत तिने इतकी सुबक शिवण घातली नव्हती.

चाचणीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. लाँच चालवायला एक म्हातारा तांडेल होता. धाकट्याला शोधायला ज्या होड्या उतरल्या, त्यातली एक यानेच चालवली होती. मावशी त्याला आधी दोनदा भेटून आली होती. "कपडा शोधू नका, मावशी," तो म्हणाला होता, "हात शोधा. हाताला ठिपके नसतात. आम्ही कपडा शोधत बसलो."

सकाळी दहाला ठिपकेसाहेबांनी मावशीकडे बघून डोळे मिचकावले. "दोन मिनिटांत परत येतो, चहा गार होऊ देऊ नका," म्हणाले आणि उडी मारली. तांडेलाने लाँच दूर नेली, वळवली, आणि मोठ्या साहेबांनी घड्याळ दाबलं.

पहिली तीन मिनिटं थट्टामस्करीत गेली. पाचव्या मिनिटाला दुर्बिणी गप्प झाल्या. पाणी नुसतं निळं, करडं, काळपट हलत होतं. "तो बघा!" एकजण ओरडला. तो ओंडका निघाला. सातव्या मिनिटाला मावशीला साहेब दिसले.

आधी हात दिसला, मग तोंड. उजव्या बाजूला, दोन-तीन घरं पलीकडे असावा इतकाच लांब. हात वर होता, बोटं पसरलेली. तोंड उघडंमिटं होत होतं, पण लाँचच्या इंजिनात आवाज विरून जात होता. दहा दुर्बिणी त्यांच्यावरून सरकल्या आणि पुढे गेल्या. मावशीने नजर हलवली नाही. तोंडही उघडलं नाही. तिच्या पोटात काहीतरी गरम गरम उतरत होतं आणि ते तिला गोड लागत होतं. ओरड, ती मनात म्हणाली. हलव हात. सावध माणूस सापडतोच ना? मग सापड की!

तांडेलाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ती बघत होती तिकडे पाहिलं. मग त्याने मान वळवली आणि सुकाणू होतं तसंच धरून ठेवलं.

"दहा मिनिटं," मोठे साहेब म्हणाले. "आता फडका काढतील."

फडका कुठून निघणार? बारा मिनिटं झाली. तेरा. मोठ्या साहेबांचा चेहरा उतरला. "भोंगा वाजवा! फेरी घ्या! अहो, कोणाला काही दिसतंय का?" दहाही जण कठड्याला लटकून बघत होते, आणि एकालाही काही दिसत नव्हतं. पाणबुड्या कठड्यावर चढून उभा होता, पण उडी मारणार कुठे?

"मला दिसताहेत," मावशी म्हणाली.

सगळे गर्रकन वळले. "कुठे? बोट दाखवा!"

मावशीने फॉर्म अडकवलेली फळी उचलून मोठ्या साहेबांपुढे धरली. "आधी लिहा."

"काय लिहू? वेड लागलंय का तुम्हाला?"

"दहापैकी दहांना दिसला नाही. शंभर गुण. आणि त्याखाली लिहा की सावध, पोहता येणारा, हात हलवणारा माणूससुद्धा या कपड्यात पाण्यात दिसत नाही. सगळ्यांनी सह्या करा."

"बाई, तिकडे माणूस मरतोय!"

"हो," मावशी म्हणाली. "माझाही मेला. लिहा."

कोणीतरी तिचा दंड धरून गदागदा हलवला. ती हलली नाही. तिची नजर पाण्यावर होती आणि तिकडे तो हात आता पूर्ण वर येत नव्हता, मनगटापर्यंतच येत होता. एकदा तो नाहीसाच झाला, आणि तिच्या छातीत धस्स झालं. मग पुन्हा वर आला. मोठे साहेब लिहीत होते. म्हाताऱ्याचं अक्षर वेडंवाकडं जात होतं, पण लिहीत होते. फळी हातोहात फिरली. दहावी सही झाली तशी मावशीने हात लांब केला.

"तिथे. हाताकडे बघा, कपड्याकडे नाही."

पाणबुड्याने सूर मारला.

साहेबांना वर ओढून घेतलं तेव्हा त्यांचे ओठ कपड्याच्याच रंगाचे झाले होते. पोटातलं पाणी काढलं, बूट ओढून काढले, घोंगड्यांत गुंडाळलं. छातीवरच्या खिशाभोवती त्यांनी नखांनी ओरबाडलं होतं, दोन नखं मुळापासून उलटली होती. खिसा जसाच्या तसा बंद.

मोठ्या साहेबांनी झाकण ओढून बघितलं, पण ते निघेना. मग ते मावशीकडे वळले. "हे तुम्ही केलंत?"

"मीच केलं. बखिया आहे. उसवायला पातं लागेल."

"याचा अर्थ काय होतो, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय. नोकरी जाईल, खटला होईल. होऊ द्या. ती फळी तेवढी नीट ठेवा."

तिला पश्चात्ताप झाला नाही. व्हायला हवा होता, असं पुढे पुष्कळांनी सांगितलं. ती साहेबांसमोर उकिडवी बसली. हा क्षण तिने अठरा महिने मनात घोळवला होता. आता याच्या तोंडावर म्हणायचं होतं, काय साहेब, बेसावध होता का? सगळं पाठ होतं. पण तोंड उघडलं तर दुसरंच बाहेर आलं.

"आम्ही जवळून गेलो. तुम्हाला... तुम्हाला काय दिसत होतं?"

साहेबांचे दात वाजत होते. तिच्यावर चिडायचं त्राणही त्यांच्यात नव्हतं. ते लहान मुलासारखे, विचारलं तेवढ्याचं उत्तर देऊ लागले.

"सगळं दिसत होतं," ते म्हणाले. "तुमचे चेहरे दिसत होते. कोणाच्या डोळ्याला दुर्बीण आहे, कोण हसतंय, सगळं. दर वेळी वाटायचं, आता बघितलं. आता आले." त्यांनी घोंगडी तोंडाशी घट्ट धरली. "मग तुम्ही निघून जायचात."

मागे इंजिन एकदम बंद झालं. तांडेलाने ते बंद करून सुकाणू सोडलं होतं. तो तिथेच मटकन खाली बसला.

"तीनदा," तो म्हणाला. कोणाला सांगत होता कोण जाणे. "त्या पट्ट्यातून आम्ही तीनदा गेलो होतो. मी पुढेच उभा होतो. त्याच्याशी रोज पत्ते खेळायचो."

मावशीला तांडेलाकडे बघवेना. ज्याने हे करून ठेवलं त्याला धाकट्याचं दुःख कळावं, एवढंच तिला हवं होतं. ते साहेबांना कळलं होतं, आणि त्यांनी ते तिच्याच पदरात टाकलं होतं. धाकटा बेसावध नव्हता. शेवटपर्यंत टक्क जागा होता आणि आपली माणसं बघत होता.

दुपारी ती घरी आली तेव्हा भावजय दारातच उभी होती. बातमी आधीच पोचली होती, अर्धीमुर्धी.

"वन्सं, ते वाक्य?"

"खोडणार. दहा जणांनी सह्या केल्यात. मोठे साहेब स्वतः म्हणाले."

भावजय भिंतीला टेकली. पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली, आणि त्या रडण्यात अठरा महिन्यांनी पहिल्यांदा थोडा सुटल्यासारखा आवाज होता. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आणि तो साहेब? बाहेर काढल्यावर काही बोलला?"

मावशी चपला काढत होती. तिला वाकून दुसऱ्या चपलेचा पट्टा सोडवायला जरा वेळ लागला.

"काही नाही," ती म्हणाली. "शुद्धीतच नव्हता."